खुबा एकच, वॉर्ड तीन

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुली भेटल्या की दुसऱ्याच वाक्यात विचारतात, "मॅडम, जर्मनी बरी की अमेरिका?" आणि मी तोंड उघडायच्या आत, "पगार कुठे जास्त?" पगाराचे आकडे सांगायला मिनिटभर पुरतं. पण ते ऐकून मुली डोळ्यांपुढे जे चित्र आणतात त्यात फक्त गणवेश बदललेला असतो, काम इथलंच असतं. घोटाळा तिथे होतो. सकाळी सात वाजता जर्मनीतली, इंग्लंडमधली आणि कॅलिफोर्नियातली नर्स तीन वेगळी कामं करत असतात. असं का, हे समजायला आधी एक गोष्ट बघावी लागते: पेशंटच्या खाटेचे पैसे कोण भरतंय?

त्यासाठी एक पेशंट घेऊ. आजी, वय ७८. न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. कुठल्याही ऑर्थो वॉर्डातली रोजची केस. शस्त्रक्रिया होणार, दुसऱ्या दिवशी उभं करायचं, बेडसोअर (पडून राहून होणारे व्रण) होऊ द्यायचे नाहीत, पुन्हा पडू द्यायचं नाही, घरी धाडायचं. एवढं सगळीकडे सारखं.

आपल्याकडचं आधी सांगते, म्हणजे फरक कळेल. मी बरीच वर्षं एका सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका होते. आजी आल्या की आमचा पहिला प्रश्न, "सोबत कोण आहे?" स्पंजिंग, भरवणं, बेडपॅन, कूस बदलणं, रक्तपेढीची धावपळ, हे सगळं त्या 'सोबत'वर. कॉटखाली चटई टाकून झोपणारी सून हीच आमची बिनपगारी सहायक. सिस्टरच्या वाट्याला सलाईन, इंजेक्शनं, चार्ट, इंडेंट (सामानाचं मागणीपत्र) आणि ओटीची यादी. रात्री चाळीस पेशंटला एक सिस्टर, वर जमिनीवरच्या गाद्या वेगळ्या. त्यामुळे आमचा हात कॅन्युलावर (सलाईनसाठी शिरेत घालायच्या नळीवर) असा बसायचा की अंधारात शीर सापडावी. आंघोळ घालायला मात्र मी नोकरीत फारशी शिकलेच नाही.

आता हीच आजी जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या वॉर्डात ठेवू. आमच्या बॅचची एक मैत्रीण त्या भागात काम करते, तिच्याकडून ऐकलेलं सांगते.

जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्ये कामगारांसाठी आजारपणाचा विमा सक्तीचा केला. आजही गाडा त्याच चाकांवर चालतो: पगारातून वर्गणी कापली जाते, साधारण अर्धी नोकरदाराची, अर्धी मालकाची, आणि ती आरोग्य विमा निधीत जाते. आजींच्या खिशातून रुग्णालयाचे दिवसाला १० युरो जातात, तेही वर्षाला जास्तीत जास्त २८ दिवस. म्हणजे कितीही पडून राहिल्या तरी रुग्णालयाचं देणं २८० युरोंवर थांबतं.

मग निधी रुग्णालयाला पैसे कसे देतो? केसप्रमाणे ठरावीक रक्कम. आपल्याकडे महात्मा फुले जन आरोग्य योजनेत जसं पॅकेज असतं, तसंच. ही पद्धत मुळात अमेरिकेची, तिथे १९८३ मध्ये सरकारी विम्यासाठी सुरू झाली. जर्मनीने ती २००४ पासून सक्तीची केली. आता हिशेब बघा. खुब्याचे पैसे ठरलेले. सर्जन कमी करता येत नाही, इम्प्लांट स्वस्तातलं घालता येत नाही. वाचवायचं कुठे? नर्सेसमध्ये. जागा रिकाम्या ठेवल्या गेल्या, उरलेल्या बायका धावत राहिल्या. ओरड इतकी वाढली की २०१९ पासून सरकारने एका नर्सकडे जास्तीत जास्त किती पेशंट, याची कमाल मर्यादा विभागवार घालायला सुरुवात केली. आणि २०२० पासून खाटेजवळच्या नर्सेसचा खर्च पॅकेजमधून बाहेरच काढला, तो रुग्णालयाला वेगळा मिळतो. नर्स कमी करून पैसे वाचवायची वाट त्यामुळे बंद झाली. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो, कारण यात कोणाला उपदेश केलेला नाही, फक्त पैशाचा नळ दुसरीकडे वळवला.

पण मर्यादा किती आहे ते ऐका. अपघात-शल्य विभागात दिवसा एका नर्सकडे दहा, रात्री वीस. आपल्या चाळीसपुढे हे सुख वाटेल. मात्र त्या दहा जणांबरोबर नातेवाईक नाहीत. भेटायला येतात, फुलं ठेवतात, जातात.

तर सकाळची पाळी सहाच्या सुमारास लागते. ओव्हर (आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती) घेतला की मैत्रीण ट्रॉली ढकलत खोलीत जाते. वर दोन रंगांचे धुण्याचे रुमाल असतात, एक तोंडासाठी, एक खालच्या अंगासाठी. आजींना विचारायचं, पाणी कोमट हवं की गरम. ग्लासातली कवळी धुऊन हातात द्यायची, तोंडात आपण बसवायची नाही. जमतं तेवढं पेशंटनं स्वतः करायचं, हा तिथला दंडक. पाठ पुसताना टाचेकडे बघायचं. हे एका पेशंटला वीस मिनिटं, असे पाच-सहा पेशंट, तोवर नाश्ता आणि गोळ्यांची वेळ. रक्त काढायचं असेल तर बहुतेक ठिकाणी डॉक्टर येतो. कॅन्युलाही बऱ्याचदा तोच घालतो.

मैत्रीण पहिले सहा महिने रोज रडायची. "मी इथे आयसीयू चालवला गं, आणि तिथे मला लोकांचे दात धुवायला लावलेत." यात अपमान शोधू नये हे तिला नंतर कळलं, मला तर तिच्याकडून कळलं. ज्याला आपण मावशींचं काम म्हणून बाजूला सारतो, ते तिथे नर्सिंगचं मूळ धरतात. एकदा टाचेवरचा लाल चट्टा तिला आंघोळ घालताना दिसला. चार्ट वाचून दिसला नसता. आणि जर्मन भाषेची बी-टू पातळी का मागतात, तेही तिथे उलगडतं. डॉक्टरशी बोलायला शे-दोनशे शब्द पुरतात. ऐंशी वर्षांची बाई दुखण्यात आपल्या गावच्या बोलीत काय पुटपुटते, ते कळायला भाषा लागते.

तिथलं शिक्षणही आपल्यासारखं कॉलेजकडे झुकलेलं नाही. बहुतेक जणी तीन वर्षांचा प्रशिक्षणक्रम करतात, त्यात पहिल्या महिन्यापासून वेतन मिळतं. लहान मुलांची, मोठ्यांची, वृद्धांची नर्स असे तीन वेगळे रस्ते होते, ते २०२० पासून लागू झालेल्या कायद्याने एकत्र आणले. युरोपीय संघाचा नियम किमान तीन वर्षं आणि ४,६०० तास असा आहे. त्यातला अर्धा वेळ तरी प्रत्यक्ष पेशंटजवळ.

आजींना आता मँचेस्टरला नेऊ.

इंग्लंडची एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा, ५ जुलै १९४८ ला सुरू झाली आणि करांमधून चालते. आजींचं बिल शून्य. ॲम्ब्युलन्स, शस्त्रक्रिया, नवा खुबा, चहा-टोस्ट, सगळं धरून शून्य. पण पैसा ठरलेला आणि मागणी न ठरलेली असली की रांग लागते. ती रांग मग इमर्जन्सीच्या दाराशी, वॉर्डाबाहेरच्या ट्रॉलीवर, सगळीकडे दिसते. खुब्यासाठी मात्र तिथे एक चांगली युक्ती आहे: ३६ तासांच्या आत शस्त्रक्रिया आणि वृद्धांच्या डॉक्टरने वेळेत तपासणी, अशा अटी पाळल्या तर रुग्णालयाला त्या केसचे जादा पैसे मिळतात. २०१० पासून हे चालू आहे. पैशाने माणसं कशी हलतात याचं हे दुसरं उदाहरण.

इथली नर्स कागदाची आणि आकड्यांची पक्की. पाळी साडेसात ते साडेसात किंवा आठ, 'लाँग डे' म्हणतात. आजींचा श्वास, ऑक्सिजन, वरचा रक्तदाब, नाडी, ताप आणि शुद्ध, या सहा गोष्टींना गुण द्यायचे; ऑक्सिजन चालू असेल तर दोन गुण जास्तीचे. बेरीज पाच झाली की डॉक्टरला तातडीने बोलवायचं, सात झाली की अतिदक्षतेची टीम. देशभर एकच कोष्टक. काल नर्स झालेली पोरगीसुद्धा सीनियर डॉक्टरला फोन करून "स्कोअर सात आहे, या" म्हणू शकते. तिला "मला वाटतं जरा बरं दिसत नाही" असं चाचरत सांगावं लागत नाही. आपल्याकडे हाऊसमनला (वॉर्डातल्या ज्युनियर डॉक्टरला) रात्री उठवताना आमच्या पोटात गोळा यायचा, म्हणून मला हे कोष्टक फार आवडतं.

बऱ्याच वॉर्डांत औषधांच्या फेरीला नर्स लाल जाकीट घालते, पाठीवर लिहिलेलं असतं की औषधं देतेय, मध्ये बोलू नका. लोक तरी बोलतातच. धुणं-पुसणं हेल्थकेअर असिस्टंटबरोबर वाटून घेतलं जातं. आणि गंमत म्हणजे तिथे शिकायला लागतानाच ठरवावं लागतं: मोठ्यांची, मुलांची, मानसिक आजारांची की शिकण्यात अडचण असलेल्यांची नर्स व्हायचं.

एका नर्सकडे किती पेशंट, याला इंग्लंडमध्ये कायद्याचा आकडा नाही. २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एवढंच म्हटलंय की दिवसा आठपेक्षा जास्त झाले तर धोका वाढतो. शेजारच्या वेल्सने २०१६ मध्ये त्यासाठी कायदा केला. पगार महागाईमागे पडत गेले आणि १५ डिसेंबर २०२२ ला तिथल्या नर्सेसच्या सर्वांत मोठ्या संघटनेने, रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने, इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये संप केला. १०६ वर्षांच्या इतिहासात त्यांनी एवढा मोठा संप पुकारला नव्हता.

आठ की दहा की पाच, यावर इतका काथ्याकूट कशाला, असं वाटेल. लिंडा एकेन नावाच्या संशोधक नर्सने २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या रुग्णालयांची आकडेवारी तपासली. एका नर्सकडे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असं दिसलं. २०१४ मध्ये तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या नऊ देशांतली ३०० रुग्णालयं आणि चार लाखांहून जास्त पेशंट घेतले. आकडा पुन्हा सातच. दोन खंड, वेगवेगळी विमा पद्धत, वेगवेगळं शिक्षण, आणि उत्तर एक. आपल्या आजींच्या भाषेत सांगायचं तर खुबा कोणी बसवला याच्याइतकंच, रात्री दोनला त्यांच्याकडे बघायला कोणाला सवड होती, हेही महत्त्वाचं.

कॅलिफोर्नियात ते आधीच पटलं होतं. तिथल्या नर्सेसच्या संघटनेने लढून १९९९ मध्ये कायदा करून घेतला, २००४ पासून तो लागू आहे. साध्या वॉर्डात एका नर्सकडे जास्तीत जास्त पाच, इमर्जन्सीत चार, आयसीयूत दोन. दिवसा आणि रात्री सारखेच. आणि जेवायला गेलात तरी आकडा मोडायचा नाही, म्हणून सुट्टीपुरती वेगळी नर्स येते. सॅक्रामेंटोला असलेली आमची बॅचमेट म्हणते, "इथे मी पहिल्यांदा डबा बसून खाल्ला." पण टेक्ससमध्ये किंवा फ्लोरिडात असा आकडा नाही. 'अमेरिकेत नर्सला पाच पेशंट' हे वाक्य म्हणजे 'भारतात मराठी बोलतात' म्हटल्यासारखं आहे.

आता तिथे पैसे कोण भरतं? पासष्टीच्या पुढच्यांना १९६५ च्या कायद्याने आलेला मेडिकेअर हा सरकारी विमा आहे, म्हणजे आयुष्यभर तिथे काम केलेल्या आजींना तो मिळणार. तरी रुग्णालयात दाखल होताना पहिले १,६७६ डॉलर त्यांचे किंवा त्यांच्या जोडविम्याचे (२०२५ चा आकडा). मुलाकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या आपल्या आजींना मात्र यातलं काही लागू नाही. १९८६ च्या कायद्यामुळे इमर्जन्सीत त्यांना कोणी हाकलणार नाही, प्रकृती स्थिर करतील. बिल मागाहून टपालाने येईल. प्रवासाचा विमा न काढता आई-वडिलांना विमानात बसवणाऱ्यांनी हे वाचावं.

आणि इथे पैसा थेट नर्सच्या हातापर्यंत पोचतो. २००८ मध्ये मेडिकेअरने ठरवलं की रुग्णालयात आल्यावर झालेल्या काही दुखापतींचे जादा पैसे द्यायचे नाहीत. आजी वॉर्डात पडल्या आणि त्यांना लागलं, किंवा त्यांना खोल बेडसोअर झाला, तर तो खर्च रुग्णालयाचा. मग काय होतं बघा. आजी खाटेवर आल्या की दोन नर्सेस मिळून त्यांना कुशीवर वळवतात आणि माकडहाड, टाचा, कोपरं तपासतात. कुठे लाल असेल तर मोजपट्टी धरून फोटो काढतात, वेळ टाकतात. काळजी आहेच, शिवाय 'हा व्रण आम्ही दिलेला नाही' याचा पुरावाही आहे. मग पायात पिवळे न घसरणारे मोजे, मनगटावर पिवळी पट्टी, गादीखाली अलार्म. आजी लघवीसाठी उठायला गेल्या की सगळा वॉर्ड वाजतो. पडणं कमी व्हावं म्हणून आणलेल्या गोष्टींनी म्हाताऱ्या माणसाला खाटेलाच खिळवलं, अशी तक्रार तिथल्या नर्सेसच करतात, आणि मला ती रास्त वाटते. खुब्याच्या पेशंटला तर चालवायला हवं.

औषधं कपाटवजा यंत्रात असतात. बोट ठेवलं की आजींच्या नावाचा एकच कप्पा उघडतो. खाटेपाशी आजींच्या पट्टीवरचा आणि औषधावरचा बारकोड स्कॅन करायचा, जुळलं तरच पुढे. रक्त काढायला वेगळा माणूस, श्वासाच्या यंत्रासाठी वेगळा, धुण्यासाठी नर्सिंग असिस्टंट. नर्सकडे उरतो निर्णयाचा भाग: हेपॅरिनचा (रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या औषधाचा) वेग ठरलेल्या नियमाने वाढवणं, शिरेतून औषध देणं, आणि संगणकावर भरणं. खूप भरणं. लिहिलं नाही म्हणजे केलं नाही, हे आम्हाला इथेही शिकवलं होतं, पण तिथे त्याच्या मागे वकील उभा असतो. टेनेसी राज्यात एका नर्सने त्या यंत्राची सुरक्षा ओलांडून चुकीची बाटली काढली, पेशंट दगावला. २०२२ मध्ये तिच्यावर फौजदारी गुन्हा सिद्ध झाला. शिक्षा तीन वर्षांच्या देखरेखीवर निभावली, परवाना मात्र गेला. त्या निकालाने तिथल्या नर्सेस हादरल्या. चूक कबूल करायची की लपवायची, हा प्रश्न नव्याने उभा राहिला.

एवढं करून बिलात नर्स कुठे असते? सहसा वेगळी नसतेच. डॉक्टरची ओळ असते, एक्स-रेची असते, फिजिओथेरपीची असते. नर्सचं काम खोलीच्या भाड्यात धरलेलं असतं, पंख्याच्या विजेसारखं.

बरं, आता पगार. अमेरिकेत नोंदणीकृत नर्सचा मधला वार्षिक पगार मे २०२४ मध्ये ९३,६०० डॉलर होता; निम्म्या नर्सेसना याहून जास्त, निम्म्यांना कमी. कॅलिफोर्नियात त्याच्या दीडपटीच्या आसपास, आणि घरभाडंही त्याच तोडीचं. इंग्लंडमध्ये नवी नर्स २०२५-२६ साली ३१,०४९ पौंडांवर लागत होती. जर्मनीत अनुभवी नर्सला ढोबळमानाने महिन्याला साडेतीन ते चार हजार युरो, त्यातला तिसरा हिस्सा किंवा थोडा अधिक हातात येण्याआधीच कापला जातो. पण त्या कापलेल्या पैशांत काय आहे तेही मोजा. जर्मनीत आजारी पडलात तर सहा आठवडे मालक पूर्ण पगार देतो. सरकारी वेतनकरारात वर्षाला ३० दिवस भरपगारी रजा. बाळंतपणात चौदा आठवडे, पुढे नोकरी राखून तीन वर्षांपर्यंत घरी राहता येतं. अमेरिकेत भरपगारी रजा द्यावी असा देशपातळीवर कायदाच नाही. १९९३ च्या कायद्याने मिळतात ते बारा आठवडे, बिनपगारी. बऱ्याच रुग्णालयांत ताप आणि दिवाळी एकाच रजेच्या डब्यातून भागवायची. आणि नर्सचा स्वतःचा विमा तिच्या नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की ज्या खाटेची ती काळजी घेत होती, तिचंच भाडं तिला परवडेना.

जायच्या वाटाही सारख्या नाहीत. जर्मनीत भाषा आणि पदवीची मान्यता, तीही प्रत्येक राज्य वेगळी देतं. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी मनुष्यबळाचा करार केल्यापासून आपल्या मुलींचे जर्मनचे वर्ग भरू लागलेत. इंग्लंडला इंग्रजीची परीक्षा, संगणकावरची चाचणी आणि तिथे पोचल्यावर प्रात्यक्षिक. मात्र बाहेरून होणारी भरती अलीकडे बरीच आटली आहे. अमेरिकेची परवाना परीक्षा ८५ ते १५० प्रश्नांची, यंत्र तुमच्या उत्तरांप्रमाणे प्रश्न बदलत जातं. ती पास होणं सोपं, ग्रीन कार्ड अवघड. भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून लांब आहे.

आणि आपल्या आजी? जर्मनीतल्या आजी वॉर्डातून सहसा तीन आठवड्यांच्या पुनर्वसन केंद्रात जातात, दरम्यान निधीतर्फे एक तपासनीस येऊन त्यांना किती मदत लागेल याची एक ते पाच अशी श्रेणी ठरवतो. मँचेस्टरच्या आजी मंगळवारीच डॉक्टरांच्या लेखी बऱ्या झाल्या, पण घरी दिवसातून दोनदा येणारी मदतनीस अजून मिळालेली नाही, म्हणून शुक्रवारीही खिडकीजवळच्या खाटेवर चहा घेत बसल्या आहेत, आणि खाली इमर्जन्सीत त्यांच्या खाटेची वाट बघत दुसऱ्या एक आजी ट्रॉलीवर आहेत.

सॅक्रामेंटोच्या आजी चौथ्या-पाचव्या दिवशी शुश्रूषा केंद्रात. रुग्णालयात किमान तीन दिवस 'दाखल' असतील तरच मेडिकेअर त्याचे पैसे देतं. 'निरीक्षणाखाली' ठेवलं होतं असं कागदावर असेल, तर तीच खाट, तीच नर्स, पण ते दिवस धरत नाहीत. पहिले वीस दिवस फुकट. एकविसाव्या दिवसापासून रोज २०९.५० डॉलर (हाही २०२५ चा आकडा). आमची बॅचमेट महिन्यातले दोन शनिवार अशा केंद्रात जादा पाळी करते. ती सांगते, अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी मुलांचे फोन यायला लागतात, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: आई आता जिना चढते का?